पुढचा पोळ, नंबर चार

आमच्या नाशिकच्या ऑफिसातल्या काकांनी एक जानेवारीला आयुष्यात कधी मान दिला नाही. कांदाखरेदीत हयात गेलेल्या या देवळ्याच्या गृहस्थांचं वर्ष तीनच तुकड्यांचं: पोळ, रांगडा आणि उन्हाळ, म्हणजे कांदा ज्या क्रमाने बाजारात येतो तो क्रम. लग्नपत्रिका हाती दिली की तारीख न वाचताच विचारणार, "रांगड्यात ना? मग येतो." त्यांची धाकटी मुलगी उन्हाळातली, "म्हणून तिचा रुसवासुद्धा कांदाचाळीत साठवलेल्या उन्हाळासारखा महिनोन्महिने टिकतो." नव्या वर्षाचा केक कापला की म्हणणार, "मधल्या रांगड्यात कसलं नवं वर्ष?" केक मात्र दोनदा घेणार.

निवृत्तीच्या तोंडावर त्यांच्या हंगामवार भावांची सगळी नोंद कंप्युटरवर चढली आणि आलेखाचा पार गुंता झाला. मालक म्हणाले, "उद्यापर्यंत सुटलं नाही तर इंग्रजी महिन्यांप्रमाणे मांडा. हंगाम विसरा." काका त्या दुपारी जेवलेच नाहीत.

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. हे मी सांगते, कारण सांगण्यासारखं आहे. बघितलं तर काकांनी दर वर्षी पोळाला एक, रांगड्याला दोन, उन्हाळाला तीन असेच नंबर दिलेले. कंप्युटर बिचारा सगळ्या वर्षांचे पोळ एकाच खुंटीला टांगत होता. मी शेजारी नवा रकाना घातला.

"काका, पहिला उन्हाळ तीन. पुढचा पोळ किती?"

"एकच की! पोळ तो पोळ."

"चार."

"चार नंबरचा पोळ कुठं असतो गं, ग्रॅज्युएटबाई?"

"या रकान्यात. नाव पोळच राहील, नंबर पुढे जाईल. आणि रांगडा डिसेंबरातला असो की मार्चातला, त्या हंगामाचा नंबर तोच."

काका जरा विचारात पडले. "म्हंजे एक जानेवारीला काहीच बदलणार नाय?"

"काहीच नाही."

"मग लय बेस! घाल."

आलेख डावीकडून उजवीकडे सरळ निघाला. काकांनी खुर्चीत अंग सोडलं आणि दुपारचा तसाच राहिलेला डबा उघडला. सकाळी मालक आलेख बघून एवढंच म्हणाले, "राहू द्या हंगाम." मला तर पहिल्या पगारापेक्षा बरं वाटलं.

काका आता देवळ्याला असतात. यंदाचा पोळ सुरू झाला तेव्हा पुढचा नंबर टाकून मी त्यांना फोन केला आणि तो सांगितला.

"म्हंजे मी नसलो तरी पुढं चाललाय," ते म्हणाले. "बरंय. चालू दे."