बाईंचे बारा देश

“वाचलं नसेल तर नाही म्हणा. हो कशाला म्हणता?”

ओळख होऊन अर्धा तास झाला नव्हता, तेवढ्यात बाईंनी मला हे ऐकवलं. चूक माझीच. त्यांनी कुठल्याशा कादंबरीचा विषय काढला आणि मी, गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून, “हो हो, छानच आहे” म्हणून गेलो. “काय छान आहे?” त्यांनी लगेच विचारलं. मग मी बराच वेळ कीबोर्डवरची धूळ पुसत बसलो.

ही नव्याण्णव सालची गोष्ट. नगरला, सावेडीत माझं इंटरनेटचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक गाळा, तीन कॉम्प्युटर आणि मनात आलं तर लागणारी फोनची लाइन. बाई मिरजगावला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायच्या. वय पन्नाशी उलटलेलं, अंगावर सुती साडी, काखेत रेक्झीनची पिशवी. दर रविवारी सकाळच्या एसटीनं नगरला यायच्या. आधी यायच्या त्या मस्कतला असलेल्या धाकट्या भावाला ई-मेल पाठवायला. एकदा लाइन रेंगाळत होती म्हणून मी त्यांना शोध कसा घ्यायचा ते दाखवलं. “काय शोधू?” म्हणालो. त्या म्हणाल्या, “पुस्तकं.”

त्यातून एक वाचनगट सापडला. कॅनडातल्या एक निवृत्त ग्रंथपाल बाई तो ई-मेलवर चालवत. वर्षभरात बारा देशांतलं एकेक पुस्तक वाचायचं, प्रत्येकावर पानभर लिहायचं आणि सगळ्यांना पाठवायचं. बक्षीस काही नाही. वर्षाच्या शेवटी पुरं करणाऱ्यांची यादी लागणार, बस्स.

“मग यात फायदा काय?” मी विचारलं.

बाई भडकल्या. “तुमचं दुकान हाय म्हणून सगळ्या जगात दुकानच दिसतं का तुमाला?”

राग आला की त्यांच्या तोंडी शाळेतली भाषा राहायची नाही, मिरजगावची यायची. आणि राग त्यांना सारखा यायचा. एसटीच्या कंडक्टरचा, शब्दकोशाचा, पुस्तक नीट न बांधणाऱ्या छापखान्याचा. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण त्यांना तापट म्हणतो आणि कशामुळे तापलीत ते बघायचं टाळतो.

पुस्तकं त्या कुठून कुठून मिळवायच्या. काही पुण्याच्या फुटपाथवरून, काही मराठी अनुवाद नगरच्या एका वाचनालयातून. गटातल्या नॉर्वेच्या एका नर्सनं तर पार्सलच पाठवलं. कस्टमवाल्यांनी फाडून पुन्हा चिकटवलेलं ते पार्सल पोस्टमननं शाळेत आणून दिलं, आणि मुख्याध्यापकांनी ते सगळ्या स्टाफसमोर उघडायला लावलं. बाई त्यावर दोन रविवार धुमसत होत्या. “त्यास्नी वाटलं, भावानं सोनं धाडलंय. आत पुस्तक निघालं. तोंड बघायला पायजे हुतं एकेकाचं!” एवढं बोलून मात्र स्वतःच हसल्या.

वाचनाचं हे वेड वडिलांचं, असं त्यांनी एकदा सांगितलं. वडील छप्पन्न साली दीक्षा घेऊन घरी आले, देव्हाऱ्यातले देव काढले आणि रिकाम्या कोनाड्यात फळी ठोकली. “फळी ठोकली, पन ठेवायला पुस्तक न्हवतं. वर्सभर ती तशीच मोकळी हुती. आमी येता-जाता तिच्याकडं बघायचो.”

लिहायची त्यांची पद्धत ठरलेली होती. आधी मराठीत वहीच्या कागदावर, मग शब्दकोश घेऊन इंग्रजीत, मग एका बोटानं टाइप. मी एकदा म्हणालो, “बाई, इंग्रजी जरा नीट करून देऊ का?”

“नको. माझं चुकू द्या. तुमचं बरोबर मला नको.”

प्रत्येक टिपणाची प्रिंट काढून, तिला मराठी कागद टाचून, एक प्रत त्या माझ्याकडे फाईलला लावायच्या. घरी उंदीर फार, म्हणून.

सहावा देश दक्षिण अमेरिकेतला होता. त्या कादंबरीत एक बाई डोंगर चढून पाणी आणते आणि येताना गाते, असं मोठं सुंदर वर्णन होतं म्हणे. बाईंनी लिहिलं: ‘हा लेखक चांगला आहे, पण त्यानं कधी पाणी आणलेलं नाही. भरला हंडा डोक्यावर असताना कोणी गात नाही. मान गाऊ देत नाही. आम्ही फक्त पाय कुठं पडतो ते बघतो.’

गटात खळबळ उडाली. आयर्लंडच्या एका गृहस्थांनी लिहिलं की लेखकाला काळजातलं गाणं म्हणायचं असेल. बाईंनी एका बोटानं उत्तर टाइप केलं: ‘काळीज मानेच्या खालीच असतं. वजन त्यालाही लागतं.’ कॅनडाच्या बाईंनी कळवलं की, आता त्यांना ते पुस्तक पहिल्यासारखं वाचता येणार नाही.

त्या दिवशी मला इतका अभिमान वाटला, की दुकानात येईल त्याला मी ती फाईल दाखवत सुटलो. तिथंच घोटाळा झाला.

नगरात एक निवृत्त प्राध्यापक होते. बाई पुस्तकं आणायच्या त्याच वाचनालयाच्या व्याख्यानमालेचे सर्वेसर्वा. अमेरिकेतल्या मुलाला ई-मेल करायला माझ्याकडे यायचे. ते दुकानात बसले की मला दुकान मोठं झाल्यासारखं वाटायचं. त्यांनी फाईल चाळली.

“कोण या?”

“मिरजगावच्या शिक्षिका आहेत, सर.” मी नाव सांगितलं.

“आडनाव काय म्हणालात?”

मी पुन्हा सांगितलं.

“असं, असं,” ते म्हणाले आणि जरासे हसले. ते हसणं मला समजलं होतं. समजलं नव्हतं, असं मी पुढं कितीतरी दिवस स्वतःला सांगत राहिलो. “दोन दिवस नेतो. नजरेखालून घालतो.”

मी फाईल दिली. बाईंना विचारलं नाही. चार दिवसांनी ती परत आली, तिच्यावर चहाचा डाग होता.

महिन्याभरानं वाचनालयात प्राध्यापकांचं जागतिक साहित्यावर व्याख्यान जाहीर झालं. मीच बाईंना उत्साहानं सांगितलं. रविवारची संध्याकाळ होती. बाई शेवटच्या एसटीनं जायचं ठरवून थांबल्या. टिपणं घ्यायला नवी वही आणली होती. तिसऱ्या रांगेत बसल्या, मी त्यांच्या मागं.

पहिल्या दहा मिनिटांतच मी ओळखलं. पहिला देश बाईंचा. दुसरा बाईंचा. क्रमसुद्धा तोच. बाईंनी आधी भराभर लिहून घेतलं, मग पेनाचं टोपण लावलं आणि वही मिटली. आणि मग प्राध्यापकांनी आवाज खाली आणला, चष्मा काढला आणि म्हणाले, “मित्रहो, भरला हंडा डोक्यावर असताना कोणी गात नाही. मान गाऊ देत नाही.”

टाळ्या पडल्या.

बाई उभ्या राहिल्या. “सर, तुमी कदी हंडा वायलाय का?”

प्राध्यापक गोंधळले. “प्रश्न नंतर घेऊ, बाई.”

“प्रश्न न्हाई ह्यो. हे वाक्य माझ्या मानेतनं आलंय. तुमच्याकडं कसं आलं, तेवढं सांगा.”

अध्यक्ष उठले. हात जोडून, गोड आवाजात म्हणाले, “ताई, विचार कोणालाही सुचू शकतात. इथं सुसंस्कृत लोक बसलेत. आपण बसून घ्या.” मागून कोणीतरी म्हणालं, “कोण आहे ही?” कोणीतरी हसलं.

बाईंनी मागं वळून माझ्याकडे पाहिलं. सगळ्या सभागृहात खरं माहीत असलेला तिसरा माणूस मी होतो. प्रत्येक ई-मेलवर तारीख होती. माझ्याच प्रिंटरमधून निघालेले कागद होते ते. मला फक्त उभं राहायचं होतं. दोन वाक्यं बोलायची होती.

मी माझ्या चपलांकडे बघत बसलो.

बाई रांगेतून बाहेर पडल्या. लोकांनी गुडघे बाजूला घेऊन त्यांना वाट दिली, आणि त्या दाराबाहेर जायच्या आत व्याख्यान पुढं सुरू झालं.

फाटकाशी मी त्यांना गाठलं. “बाई, फाईल मीच दिली होती. मला वाटलं नव्हतं...”

“कळलं मला. माझे कागद दुसरीकडं होतेच कुठं?” त्यांनी रिक्षाला हात केला.

दुसऱ्या दिवशी मी कागद घेऊन वाचनालयाच्या कार्यवाहांकडे गेलो. त्यांनी तारखा पाहिल्या, कागद नीट जुळवून माझ्या हातात परत ठेवले. “एवढ्या मोठ्या माणसाचं नाव कशाला खराब करता? झालं ते झालं.” पुढं ते व्याख्यान वाचनालयाच्या वार्षिक अंकात छापून आलं. प्राध्यापकांच्या नावानं, त्यांच्या फोटोसह. हंड्याचं वाक्य चौकटीत. इतकी वर्षं झाली, हे लिहितानाही माझे कान तापतात. प्राध्यापकांवर जेवढा राग आहे तेवढाच त्या टाळ्या वाजवणाऱ्यांवर आहे, आणि त्याहून जास्त त्या चपलांकडे बघणाऱ्यावर.

मग मी एक गोष्ट केली. बाईंची सहाही टिपणं दुकानाच्या काचेवर आतून चिकटवली. वर त्यांचं नाव, गाव आणि तारखा. लोक थांबून वाचायचे. प्राध्यापकांचा निरोप आला, ‘काढून टाका.’ मी काढली नाहीत. मला वाटत होतं, मी मोठं धाडस करतोय.

तीन आठवड्यांनी बाई आल्या. पिशवी काखेत. बाहेर उन्हात उभं राहून त्यांनी सगळी काच वाचली. मी दार उघडून उभा होतो, कौतुकाची वाट बघत. हो, खरंच वाट बघत होतो.

“काढा ते,” त्या म्हणाल्या.

“बाई, लोकांना कळू द्या की...”

“लोकांना त्या दिवशी कळायला पाहिजे होतं. काचेला तोंड नसतं. तुम्हाला होतं.” मिरजगावची बोली त्यात एका शब्दापुरतीही नव्हती. शाळेत बोलतात तशा त्या बोलत होत्या, शांतपणे, एकेक शब्द सुटा करून. मला ते जास्त लागलं.

मी एकेक कागद सोडवला. चिकटपट्टीनं दोन कोपरे फाटले. त्यांनी ते बोटानं सरळ केले, सगळे कागद फाईलला लावले, फाईल पिशवीत घातली. “भावाला कळवा, पत्र टाकते म्हणून,” एवढं बोलून गेल्या. पुन्हा माझ्या दुकानात आल्या नाहीत.

गटाचे ई-मेल मात्र माझ्याच पत्त्यावर येत राहिले, कारण बाईंनी पत्ता दुकानाचा दिला होता. दीड-दोन महिन्यांनी एक आला. कॅनडाच्या बाईंनी लिहिलं होतं: ‘सातवं टिपण विमानपत्रानं आलं आहे, हातानं लिहिलेलं. मी टाइप करून सगळ्यांना पाठवते आहे.’ मग आठवं आलं. नववं. मी प्रत्येक वाचलं. दहाव्यात एका मासेमाराच्या बायकोवरून बाईंनी लेखकाला असं झापलं होतं, की मी एकटाच दुकानात मोठ्यानं हसलो आणि मग दाराकडे पाहिलं.

पुढच्या जानेवारीत यादी आली. एकोणीस नावं होती. बाईंचं नाव, पुढं ‘मिरजगाव, भारत’. बारापैकी बारा.

त्याच दिवशी कॅनडाच्या बाईंचा आणखी एक ई-मेल आला, दुकानाच्या नावानं, माझ्यासाठी. ‘आमच्या या मैत्रिणीची पत्रं यायला फार दिवस लागतात. आधी त्या तुमच्याकडून लिहायच्या. तुमचा कॉम्प्युटर बंद पडला आहे का?’

मी टाइप केलं, ‘नाही, कॉम्प्युटर चालू आहे.’

पुढचं वाक्य तीनदा टाइप केलं, तीनदा खोडलं. लाइन तुटेपर्यंत मी तसाच बसून राहिलो.