नोल्वियाची इस्त्री आणि सेल्विनच्या काळ्या काचा

नोल्विया आर्गेताला मी एकोणीस वर्षं ओळखते. त्यातली चौदा आम्ही चोलोमा शहरातल्या एका कपड्यांच्या कारखान्यात शेजारशेजारच्या टेबलांवर काढली. मी बटणं लावायचे, ती इस्त्री करायची. दिवसाला शेकडो शर्ट तिच्या हाताखालून जायचे आणि एकाचीही कॉलर वाकडी निघायची नाही. कारखाना बंद पडला तेव्हा आतलं सामान विकायला काढलं होतं. मी ऑफिसातली चाकं लावलेली खुर्ची घेतली, बाकीच्यांनी पंखे नेले. नोल्वियाने आपली वाफेची इस्त्री उचलली, पाण्याच्या टाकीसकट, आणि भर दुपारी खांद्यावरून घरी आणली. घरात धड चार शर्ट नाहीत आणि बायको कारखान्याची इस्त्री घेऊन आली, असं तिच्या नवऱ्याने गल्लीभर सांगितलं.

हा नवरा म्हणजे सेल्विन. माणूस वाईट नाही, पण ऐट फार. गेल्या वर्षी त्याने अमेरिकेत वापरून झालेली एक करडी मोटार घेतली. तिच्या काचांवर जुनी काळी फिल्म होती, इतकी काळी की आत माणूस बसलाय की बोकड, बाहेरून कळू नये. कडांना ती जांभळी पडली होती, मध्ये फोड आले होते. ती काढून टाक म्हटलं की सेल्विनच्या कपाळाला आठ्या. ऊन लागत नाही म्हणायचा. खरं म्हणजे आत बसलं की त्याला मंत्री झाल्यासारखं वाटायचं, आणि हे मी त्याच्या तोंडावर सांगितलेलं आहे.

मार्चमध्ये काचा वर-खाली करणारी यंत्रं एकामागून एक बिघडली. चारही काचा मिटल्या त्या मिटल्याच. पार्ट यायला महिना लागेल, असं मेकॅनिकने सांगितलं.

एरवी हे चाललं असतं. पण त्यांची एकुलती एक मुलगी दारिएला वर टेकडीवर, लास ग्वायाबास वस्तीत दिलेली. तिचा नवरा दूर बेटावरच्या हॉटेलात स्वयंपाकी, आणि ती सासूजवळ, आठवा महिना सरत आलेला. त्या वस्तीत गाडी न्यायची तर काचा खाली करायच्या आणि आत कोण आहे ते पहाऱ्यावरच्या टोळीच्या पोरांना दिसू द्यायचं. हे कुठे लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना माहीत असतं. टॅक्सीवाले वर जात नाहीत. रुग्णवाहिकासुद्धा खालच्या पुलाशी थांबते.

सेल्विनलाही माहीत होतं. तरी लेकीला तपासणीला न्यायला तो एकदा तसाच वर गेला. वळणावर एक जण मोटरसायकल आडवी घालून उभा राहिला. काच उघडेना, म्हणून आमच्या शहाण्याने हॉर्न वाजवला. त्याबरोबर दुकानातून आणखी दोघे बाहेर आले, हात पाठीमागे घेऊन. काळ्या गाडीचं दार उघडून खाली उतरणं म्हणजे काय हे सेल्विनला कळत होतं, म्हणून तो गाडी उलटी घेत पुलापर्यंत आला. घरी पोचला तेव्हा शर्ट पिळून काढावा इतका ओला होता. त्या रात्री तो जेवला नाही. आणि तरीही फिल्म काढली नाही. पार्ट येईल म्हणत राहिला.

पार्ट यायच्या आधी मंगळवार आला. सकाळी सात वाजता, मी शेजारून नोल्वियाकडे आले होते तेव्हा, दारिएलाच्या सासूचा, दोन्या एल्साचा, फोन आला. कळा सुरू झाल्या होत्या, दर पंधरा मिनिटांनी. पायवाटेने खाली यायला धडधाकट माणसाला चाळीस मिनिटं लागतात. माझ्या भावाची पिकअप पहाटेच सान पेद्रोला गेली होती. नोल्वियाने फोन ठेवला तेव्हा तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मी तिला इतक्या वर्षांत तसं पाहिलं नव्हतं.

मी बाहेर आले तर सेल्विन दाढीचं ब्लेड घेऊन मोटारीत शिरलेला. कोरडीच काच खरवडत होता. नखाएवढे तुकडे निघत होते आणि खाली चिकट डिंक तसाच राहत होता. वीस मिनिटांत त्याने एका काचेची अशी दशा केली की आता आतूनही दिसेना आणि बाहेरूनही. हाताला दोन ठिकाणी कापलं होतं. त्याने ब्लेड सीटवर टाकलं आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवलं.

"माझ्यामुळे झालं हे," तो म्हणाला. "तिला काही झालं तर..."

"रडायला नंतर वेळ आहे," नोल्विया म्हणाली. "उतर खाली. आणि लांब वायर आण."

ती घरात गेली आणि इस्त्री घेऊन आली.

फिल्म काढायचं काम तिने जन्मात केलं नव्हतं. पण कापडाला आतून चिकटवलेलं अस्तर वाफेने सुटतं, हे तिला चौदा वर्षं माहीत होतं. चुकून चिकटलेली किती अस्तरं तिने मुकादमाच्या नकळत सोडवली असतील. तिने काचेवर साबणाचं पाणी मारलं, इस्त्री बोटभर अंतरावर धरली आणि वाफ सोडली. मला वरचा कोपरा नखाने उचलायला सांगितला. मी ओढायला गेले तर हातावर चापट बसली.

"मार्लेनी, हळू. घाई केलीस की फाटतं. मी वाफ पुढे नेईन, तू तेवढंच मागे घे."

तिची मुलगी वर कळा सोसत होती आणि ही मला हळू म्हणत होती. तिचा आवाज थरथरत होता, हात मात्र नाही. दुधावरची साय उचलावी तशी ती फिल्म एकसंध खाली येऊ लागली, मागचा डिंक सोबत घेऊन. सेल्विनने बिघडवलेल्या काचेवर मात्र अमोनिया ओतून जुन्या कार्डाने घासावं लागलं. त्या वासाने आमच्या तिघांच्या डोळ्यांतून धारा लागल्या, आणि खरं सांगते, त्या सगळ्या काही अमोनियाच्या नव्हत्या.

मध्येच दोन्या एल्साचा पुन्हा फोन. आता दर दहा मिनिटांनी. साडेनऊला चारही दारांच्या काचा मोकळ्या झाल्या. मागची मोठी काच राहिली. तिच्यात काच गरम करणाऱ्या बारीक तारा असतात, तिला वेळ द्यावा लागतो.

"मागची राहू दे ना," सेल्विन हळूच म्हणाला. नोल्वियाने त्याच्याकडे असं पाहिलं की तो मुकाट्याने गाडी सुरू करायला गेला.

नोल्विया पुढे बसली, मी मागे. चेहरे दिसायला हवेत म्हणून मी केससुद्धा बांधून घेतले. वळणाशी तीच मोटरसायकल, तोच माणूस. सेल्विनने गाडी थांबवली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. तो माणूस सावकाश आला, वाकला आणि त्याने एकेका काचेतून आत पाहिलं. सेल्विन, मग नोल्विया, मग मी.

"हीच ना ती काळी गाडी?" त्याने काचेबाहेरून मोठ्याने विचारलं.

सेल्विनने मान हलवली.

"दोन आठवडे आम्हाला धड झोप नाही, काका. म्हटलं, कोण आलं होतं आमच्या मागावर." तो नोल्वियाकडे वळला. "तुम्ही कोणाकडे, मावशी?"

"दोन्या एल्साकडे. माझी मुलगी अडलीय."

"दारिएला?" तो झटकन बाजूला झाला. "मग थांबलात कशाला, जा."

इतकंच. ज्या माणसाला आम्ही पंधरा दिवस घाबरत होतो, तो पंधरा दिवस आम्हाला घाबरत होता. माझा जीव भांड्यात पडला.

दारिएलाला घेऊन टेकडी उतरताना ती मागच्या सीटवर माझ्या अंगावर रेलली होती, घामाने डबडबलेली, गाल काचेला टेकलेला. वाटेत तोर्तिया, म्हणजे मक्याच्या भाकऱ्या, भाजणाऱ्या बाईने तो चेहरा पाहिला आणि रस्त्यात आलेली आपली ढकलगाडी मागे ओढली. फुटबॉल खेळणाऱ्या मुलांनी गोलसाठी मांडलेले दगड बाजूला केले. मोटरसायकलवाला न सांगता पुढे निघाला, हात हलवत, लोकांना हटवत. पुलापलीकडे एका बसच्या ड्रायव्हरने वरून आमच्या काचेतून आत पाहिलं आणि आख्खी बस आडवी घालून मागची रांग रोखून धरली. काळ्या काचेआड ती असती तर आम्ही नुसता हॉर्न वाजवत बसलो असतो. नोल्विया एकदाही मागे वळली नाही. फक्त हात मागे करून तिने लेकीचा पाय धरून ठेवला होता.

सव्वा बाराला मुलगी झाली. दोघी सुखरूप. सेल्विन दवाखान्याच्या पायरीवर बसून ओक्साबोक्शी रडला आणि नोल्विया त्याच्या शेजारी बसून बालेआदा, राजमा भरलेली पोळी, खात राहिली. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी बाळाला वर न्यायचं होतं. नोल्वियाने एका बाजूच्या काचेला इस्त्री केलेलं पांढरं फडकं लावलं, उन्हासाठी. वळणावर मोटरसायकलवाल्याने दुसऱ्या बाजूने आत पाहिलं आणि एका बोटाने काचेवर हळूच टकटक केलं. तोर्तियावाली आली, मग तिची सून, मग आणखी चौघी. सेल्विन प्रत्येक दारासमोर आपणहून थांबत होता. शेवटी मागून चालत येणाऱ्या दोन म्हाताऱ्या मागच्या काळ्या काचेला नाक लावून पाहू लागल्या, तेव्हा तो आरशात बघून म्हणाला, "नोल्विया, रविवारी इस्त्री काढ. मागची पण काढून टाकू. त्यांनाही बाळ दिसू दे."

आठवड्याने मेकॅनिकचा फोन आला, पार्ट आलाय म्हणून. सेल्विनने त्याला सांगितलं, घाई नाही.