पुसलेली चौथी ओळ

वर्गाच्या दारात मी थबकलो. फळ्यावर एका मुलीने दोन इलेक्ट्रॉनांचे स्पिन, म्हणजे जणू त्यांच्या स्वतःभोवतीच्या गिरक्या, एकत्र केले होते. एकेकाचा स्पिन वर किंवा खाली, म्हणून सुरुवातीला जोडीच्या अवस्था चार. उत्तरात मात्र तीनच. चौथीत दोघांचे उलट स्पिन एकमेकांना रद्द करत होते आणि एकूण स्पिन शून्य आला, म्हणून तिने ती पुसून टाकली होती.

फिजिक्सच्या बाई नेहमीप्रमाणे बोटांवर मोजत म्हणाल्या, "चार घेऊन निघालीस ना? मग चारच परत आण. शून्य आलं म्हणून ती नाहीशी होत नाही गं. उलट कुठल्याही बाजूने बघ, तीच एक जशीच्या तशी दिसते."

मला माझे आईवडील आठवले. दोघंही भिंगरीसारखे, एकमेकांच्या उलट फिरणारे. आणि घर किती निवांत! ती शांतता आम्ही कधी मोजलीच नाही.

मुलीने खडू उचलला आणि चौथी ओळ पुन्हा लिहिली, वरच्या तिन्हींपेक्षा ठळक.