खोडू न दिलेलं शिंग

गोंडपिपरीजवळच्या आमच्या शाळेत ड्रॉइंगमास्तर वर्गाच्या दारातच हात पुढं करून सगळ्यांची खोडरबरं काढून घ्यायचे. "हात मंग चालवा पोरीहो, आधी डोये चालवा," म्हणत बाकांमधून फिरायचे. शाबासकी मात्र कुणालाच नाही.

एका वर्षी चांद्याहून कागदच आले नाहीत. मास्तरांनी आम्हाला गेरू आणि कोळसा दिला आणि शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर सोडलं. मी आमचा बैल काढला. एक शिंग वाकडं आलं, म्हणून रडले. "राहू दे," एवढंच ते म्हणाले.

हेडमास्तर भडकले. दिवाळीआधी गावच्या बाया पांढऱ्या मातीनं शाळा पोतायला आल्या, तेव्हा हेडमास्तरांनी फर्मावलं, "ही घाण आधी झाका!"

माझी आई बादली घेऊन पुढं झाली आणि थबकली. "अवं, हा तं आपलाच बैल! शिंग असंच हाय त्याचं. ह्याले काऊन पुसू?" तिनं बैलाच्या कडेकडेनं पोतेरं फिरवलं. मग बाकीच्या बायाही आपापल्या लेकीचं चित्र शोधू लागल्या. हेडमास्तर ओरडत राहिले आणि भिंत आमच्या चित्रांभोवती पांढरी होत गेली.

ड्रॉइंगमास्तर आईजवळ येऊन त्या शिंगाची कड न्याहाळत राहिले.

"बाई, हात लय साफ हाय तुमचा."

त्यांच्या तोंडून शाबासकी आम्ही पहिल्यांदाच ऐकली.