ऑपरेशनआधीचं चमचाभर पंचामृत

मंडळी, हॉस्पिटलच्या जिन्यात बसून लिहितोय. काही सुचत नाहीये.

आज सकाळी आईच्या मोडलेल्या खुब्याचं ऑपरेशन होतं. रात्रीपासून तिला उपाशी ठेवलं होतं. काचीगुड्याहून आत्या पूजा आटोपून आली. मी पडद्याबाहेर होतो, पण मी दुकानदार, गिऱ्हाइकांची कुजबुज टिपायची कानाला सवय. आतली कुजबुज ऐकू आलीच, "वहिनी, चमचाभर पंचामृत घ्या. देवाचं आहे, त्याला का खाणं म्हणतात?" मग चमचा वाटीवर वाजला आणि आईनं घोट गिळला.

तेवढ्यात नर्सिंग शिकणारी पोरगी आली. "अम्मा, सुबह से कुछ खाए? पानी भी?"

आईनं आत्याकडे पाहिलं. आत्या फणकारली, "कुछ नहीं खाए. तू अभी सीखरी ना?"

"हौ आंटी, पहले यहीच सिखाए. बेहोशी में उलटी हुई तो फेफड़े में जाती, जान का खतरा है. अम्मा, सच बोलो."

आईनं पदर तोंडावर ओढला. उलटी फुफ्फुसात जाते हे ऐकून मग मीच आत जाऊन सांगितलं, तिनं चमचाभर पंचामृत घेतलंय.

ऑपरेशन पुढे ढकललं. कधी करणार, कुणी सांगत नाही. आत्या माझ्याशी बोलत नाही. आई कण्हतेय, "तू गप्प बसला असतास, तर एव्हाना सुटले असते रे."

तिचं कण्हणं इथवर ऐकू येतंय. वर जाऊन तिला काय सांगू? तुम्ही असता तर काय सांगितलं असतं?