ट्रॅक्शनच्या वॉर्डातल्या सिस्टर

फर्दापूरला अंगणात पडून आईच्या मांडीचं हाड मोडलं. संभाजीनगरच्या दवाखान्यात तिचा पाय ट्रॅक्शनला लावला. पलंगाच्या पायथ्याशी दोरीला वजन टांगलं होतं आणि ऑपरेशनपर्यंत तिला उताणंच पडून राहायचं होतं.

तिथं एक सिस्टर होत्या. नाव मी कधी विचारलं नाही. पायाला हात लावण्याआधी त्या तळहात चोळून गरम करायच्या. मग अंगठ्याचं नख दाबून रंग परततो का बघायच्या, टाचेखालची कातडी तपासायच्या.

एका दुपारी आई फार कण्हायला लागली. मला बघवेना. मी वजनाखाली स्टूल सरकवलं. दोरी सैल पडली, आई गप्प झाली आणि तेवढ्यात सिस्टर आल्या. मला वाटलं, आता ओरडणार. त्यांनी दोन्ही हातांनी पाय धरला आणि मला हळूच स्टूल काढायला लावलं.

"दादा, तुमची माया कळते मला. पण वजन टेकलं की हाड सरकतं. दुखलं तर मला हाक मारा. कितीदा बी मारा."

त्या दिवशी मी चारदा हाक मारली. चारही वेळा त्या आल्या. शेवटी आईच ओशाळली. "लई पळवतो गं तुला आम्ही."

"तुम्हाला हलता येत नाय ना आई, म्हणून मी हलते."

ऑपरेशननंतर आई वॉकर धरून उभी राहिली, तोवर सिस्टरांची ड्यूटी शेजारच्या वॉर्डात लागली होती.

"चालत जाऊन दाखवते तिला," आई म्हणाली.

तेवढ्याशा अंतराला आम्हाला अर्धा तास लागला. आई वाटेत एकदाही बसली नाही.