माळा खांबांवर होता
भिंत धाडकन बाहेर कोसळली, तेव्हा मी चार दिवसांच्या पोरीला घेऊन त्या भिंतीच्या कडेलाच बाजेवर होते. शेजारच्या विहिरीत सुरुंग उडवला होता. डोक्यावर माळा, माळ्यावर ज्वारीची पोती. "माळा येतोय गं, पळ!" सासूबाई ओरडल्या. मला उठवेना. ओसरीवरून सासरे म्हणाले, "न्हाई येत. माळा खांबांवर हाय, भिंत नुसती आडोशाला." सागवान फार घातलं म्हणून सासूबाई त्यांना टोचायच्या, "घर बांधलंय का देवळाचा मंडप?" धूळ बसली. खांब, तुळया जागच्या जागी होत्या. सगळं खिळ्याविना, लाकडी खुंट्यांनी जोडलेलं, पण एकही सांधा उसवला नव्हता. इतकं देखणं काम मी पुन्हा पाहिलं नाही. आता आमच्या महाळुंग्यात चहूकडे कारखाने आणि या घरावर संरक्षित वास्तूची पाटी. त्या खोलीतून आम्ही दोघी वाचलो, मी आणि माझी थोरली.